हिरव्या जाळीमागची दुपार

अन्याय झाला तो सलीमवर. नाव बदललं आहे, माणूस खरा आहे. कधी झाला? या उन्हाळ्यात, जुलैमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी. उघड्यावर काम करून घ्यायला कुवेतमध्ये कायद्यानं बंदी असते, नेमक्या त्या वेळात. कुठे झाला? महबूला आणि फिंतासच्या मधे समुद्रालगत जो नवा टॉवर चढतोय, तिथे. तो मंगळवार माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तुमच्याही डोक्यात तो बसावा, म्हणून हे लिहितेय.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे 'पोलीस खात्यातल्या आठवणी' मागितल्या होत्या. "काहीतरी हलकंफुलकं द्या मॅडम, लोक सुट्टीत वाचतात." माझ्याकडे हलकंफुलकं काही नाही. मी परभणीची. रत्नागिरी किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. बंदोबस्तात ट्रकखाली पाय गेला आणि ज्या वयात लोक बढतीची वाट बघतात त्या वयात माझ्या नावापुढे 'निवृत्त' लागलं. नवऱ्याची बँकेतली नोकरी इथे होती, म्हणून इथे आले. वर्दी जमा केली. सवय जमा करून घेणारं खिडकीपलीकडे कोणी नव्हतं, ती राहिली. इथे मी कामगारांसाठी पत्रकं लिहिते, अर्ज भरून देते, दवाखान्यात जाऊन बसते. अधिकार शून्य. तेव्हा ही केस नोकरीतली नाही, नोकरी सुटल्यानंतरची आहे. पण तपास तपासच असतो.

तो टॉवर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. वर्षाच्या सुरुवातीला तिथे वाळू होती आणि एक पत्र्याचं केबिन. मग खड्डा, मग पाया, मग दर आठवड्याला एक स्लॅब. गेटवर मोठा पडदा आहे, त्यावर काम किती टक्के झालं ते झळकतं. समुद्राच्या लाटा, हसणारं कुटुंब, खाली टक्केवारी. क्रेन सकाळपासून फिरते, काँक्रीटचे ट्रक रात्रीसुद्धा येतात. मला झोप लागायची नाही. भाजी चिरताना मी तिकडेच बघायचे. माझी मुलगी वैतागून म्हणायची, "आई, प्लीज स्टॉप. दॅट बिल्डिंग इज नॉट गोइंग एनीव्हेअर."

जात नव्हती, खरं आहे. येत होती. माझ्या खिडकीतून तिची पुढची बाजूच दिसायची, मागच्या बाजूला हिरवी जाळी होती. आणि दुपारी क्रेन थांबायची, गेट बंद व्हायचं, रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटायचं, वा, कायदा पाळतायत.

बुधवारी शेजारच्या नर्सबाईंनी बेल वाजवली. त्या सरकारी दवाखान्यात आहेत, मराठी आहेत. म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे एक रत्नागिरीचा आलाय. मणक्याला मार आहे. जवळ कोणी नाही. येऊन बसता का जरा?" चपला घालताना हळूच म्हणाल्या, "बाथरूममध्ये पडला म्हणतात. तुम्हीच बघा." खबर म्हणजे एवढीच असते. लोकांना वाटतं खबऱ्या येऊन सगळं सांगतो. खबऱ्या फक्त दार दाखवतो.

सलीम पस्तिशीचा. शटरिंगचा कारागीर, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचा साचा बांधणारा. छताकडे बघत पडला होता. अंगावर कोरा शर्ट, पाकिटातल्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. आणि नखांमध्ये काळं तेल. शटरिंगच्या फळ्यांना लावतात ते.

"काय झालं रे?"

"बाथरूममध्ये पडलो, बाय."

"कामावर होतास?"

"नाय. आजारी होतो. रूमवर होतो."

पाठ केलेलं होतं. मी ते तिथेच सोडलं. ठाण्यात आमच्या जुन्या हवालदारांनी मला एक गोष्ट शिकवली होती: माणसाला गुन्ह्याबद्दल विचारलं की तो तयार उत्तर देतो, जेवणाबद्दल विचारलं की खरं बोलतो.

"त्या दिवशी जेवला होतास का?"

"नाय वो. डबा तसाच ऱ्हायला." त्याचा चेहरा एकदम पडला. "खालानी कोलंबी दिलेली."

मग त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. जो रूमवर आजारी आहे, तो डबा कशाला नेईल? त्यानं माझा हात धरला. "बाय, तुम्ही जावा. धाकटा भाव हाय ना माझा त्याच कंपनीत. मी पडलो, माझा नशीब. सोमवारी विमान हाय. गावी ऑपरेशन करतील बोल्ले."

"कोण बोललं?"

"मंदूब."

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं फिरवणारा माणूस. सलीम 'स्वतःच्या इच्छेनं' मायदेशी जातोय, असा कागद त्यानं तयार करून आणला होता. खाली सहीची जागा मोकळी होती. एकदा सलीम विमानात चढला की हा अपघात कामावरचा राहत नाही. तो एका बाथरूमचा होतो. पुढे त्याच्या मणक्याला कोणी जबाबदार नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच फळीवर दुसरा माणूस. माझ्याजवळ सोमवारपर्यंतचा वेळ होता.

गुरुवारी मंडळाची बैठक होती. त्या टॉवरच्या प्लॅनिंगचा इंजिनिअर आपल्यातलाच आहे, पुण्याचा. मी त्याला चहाच्या टेबलाशी गाठलं.

"वहिनी, तुम्ही अजून ड्युटीवरच का?" तो हसला. आजूबाजूचेही हसले. "पेन्शन घ्या, आराम करा."

"तुमच्या साइटवर मंगळवारी कोणी पडलं?"

"आमच्या? छे! कॅम्पात पडला तो, कामगारांच्या खोल्यांवर. फोरमनपण नव्हता त्या दिवशी, सबाह अल-सालेमच्या साइटवर होता. तुम्ही हे बघा." त्यानं फोन पुढे केला. महिन्यामहिन्याला ड्रोननं काढलेला व्हिडिओ. वाळू, खड्डा, पाया, मजले. खाली संगीत. "आपण काय पाहतोय माहितीये? एक शहर वाढताना पाहतोय. अभिमान वाटायला पाहिजे."

"दुपारी काम बंद असतं?"

"शंभर टक्के. गेटचा कॅमेरा बघा. चिटपाखरू नाही."

"आणि मागच्या बाजूला? हिरवी जाळी आहे तिथे?"

"ती धुळीसाठी आहे हो. पर्यावरण, वहिनी, पर्यावरण!" पुन्हा हशा.

मी त्याला दुष्ट म्हणत नाही. त्यानं कधी दुपारी जाळीमागे जाऊन बघितलं नसेल. त्याला तक्ता हिरवा दिसतो, तो खूश असतो. पण फोरमन तिथे नव्हता हे मी न विचारता त्यानं सांगितलं. न विचारलेलं उत्तर ठाण्यात आम्ही आधी लिहून घ्यायचो.

शुक्रवारी मी सलीमला डबा देणाऱ्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, गेले. खाला महबूल्यात राहते, मूळची दापोलीकडची (ओळख पटू नये म्हणून तिच्या काही खुणा बदलल्या आहेत). विधवा आहे. घरात मेस चालवते, कोकणातली बरीच मुलं तिच्याकडचा डबा नेतात. पद्धत अशी: सकाळी कंपनीची बस तिच्या इमारतीखाली थांबते, ती प्रत्येकाच्या हातात त्याचा डबा देते. संध्याकाळी ज्याचा त्यानं आणून द्यायचा. प्रत्येक डब्याच्या बुडाला नेलपॉलिशची वेगळी खूण. जो कामावर जात नाही तो तिच्याकडेच बसून जेवतो.

मी गेले तेव्हा तिचं तोंड आणि हात दोन्ही चालू होते. "किती सांगायचा ह्या पोरांना! डबे फेकतात, झाकना हरवतात. खरकटा तसाच आणून देतात. आन तो फोरमन बघ. खानदानी मानूस. सलीमचा डबा बुधवारी सकाळी सोता घेऊन आला. धुतलेला, पुसलेला, आन आत खजूर भरलेला. बोल्ला, 'खाला, रिकामा कसा देऊ?' खा गो, चांगला हाय."

खजूर माझ्या हातात होता. तो तसाच राहिला.

कोकणात असो की मराठवाड्यात, हिंदूच्या घरी असो की मुसलमानाच्या, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. आमच्याकडे चिमूटभर साखर तरी पडते. माझी आई शेजारणीची वाटी परत करताना घरात काही नसेल तर तुळशीची दोन पानं टाकायची. ही सवय शिकवलेली नसते, हातातच असते.

"खाला, मंगळवारी सलीमचा डबा कोणी नेला?"

"सलीमनी. मीच बसपाशी हातात दिला."

"आजारी नव्हता?"

"आजारी? माझी मस्करी करत होता! बोल्ला, खाला, कोलंबी मोजून टाकतेस काय?" ती हसली, मग हसू विरलं. "का गो? पोरा तर बोल्ली, दुसऱ्या साइटवर गेलाय. काय झाला?"

मी सांगितलं. ती खाली बसली. मग पहिलं वाक्य हे आलं: "माझा नाव नको लिहू. मेसला परवाना नाय. बताका जाईल माझा." बताका, इथलं ओळखपत्र, ते गेलं की माणूस गेला. तिला दोष देऊ नका. या कहाणीत जो तो कशालातरी धरून लटकलेला आहे.

फोरमन नमाजनंतर जेवायला तिथेच यायचा. मी थांबले. तेवढ्यात खालाकडून नंबर घेऊन सलीमच्या धाकट्या भावाला फोन केला, एकच गोष्ट विचारली. फोरमन आला, टोपी काढली, मला पाहून अदबीनं हसला. पन्नाशीचा, शांत, बोलणं सावकाश. खालानं चहा ठेवला आणि ती मोरीशी जाऊन भांडी घासायला लागली, पण एकही भांडं वाजत नव्हतं.

ठाण्यात माझ्यापाशी टेबल होतं, दरवाजा होता, बाहेर शिपाई होता. इथे एक कप चहा.

"मंगळवारी कुठे होता तुम्ही?"

"सबाह अल-सालेमला. दुसरी साइट आहे आमची."

"दिवसभर?"

"दिवसभर. तसं लिहून दिलंय कंपनीला."

"बरं. खजूर छान आहे."

त्यानं कप खाली ठेवला.

"सलीमच्या डब्यातला," मी म्हटलं. "डबा कुठे मिळाला तुम्हाला?"

"त्याच्या रूमवर."

"त्या रूमवर त्याचा भाऊ राहतो. मी त्याला आत्ताच फोनवर विचारलंय. तुम्ही कधी त्यांच्या रूमवर आलाच नाहीत, असं म्हणतो."

मग मी गप्प बसले. नवे अधिकारी इथे चुकतात. शांतता सहन होत नाही, पुढचा प्रश्न विचारतात, आणि समोरच्याला सुटायला वाट देतात. मीही आतून धुमसत होते. पाय दुखत होता, सोमवार दिसत होता, जमिनीवर हात आपटावासा वाटत होता. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कॉलमच्या सावलीत ठेवलेला होता. जाळीच्या मागे. कोलंबीला वास सुटला होता."

"टाकून का नाही दिला?"

"अन्नाचं भांडं कसं टाकू, बाई?"

"आणि खजूर?"

"घरी नेला, धुतला. म्हटलं सकाळी गुपचूप देऊन यावा. पण हातात घेतला आणि..." त्यानं टोपीची घडी घातली. "तो तिकडे तसा पडलेला. त्याचा डबा रिकामा कसा देऊ?"

मग सगळं आलं. पुढचा स्लॅब ठरल्या दिवशी व्हायलाच हवा, असा वरून तगादा होता. दुपारी गेट बंद, क्रेन बंद, आणि मागच्या बाजूला जाळीआड शटरिंग चालू. मोठ्यानं बोलायचं नाही, हातोडा कमी वापरायचा. सलीम म्हणाला होता, डोकं फिरतंय, पाच मिनिटं बसू दे. फोरमन म्हणाला होता, एवढी फळी लाव आणि बस. त्या फळीवरून तो खालच्या स्लॅबवर पडला. रुग्णवाहिका साइटवर बोलावली असती तर ते कामाच्या जागेवर, बंदीच्या वेळात नोंदलं गेलं असतं. म्हणून त्याला गाडीत घालून आधी कॅम्पात नेलं. अंगावरचे कपडे काढले, अंग पुसलं, नवा शर्ट घातला. मग रुग्णवाहिकेला फोन केला. मोडलेल्या मणक्याच्या माणसाला उचललं, बसवलं, पुसलं. कशासाठी? पडद्यावरची टक्केवारी थांबू नये म्हणून!

"हे लिहून द्याल?" मी विचारलं.

"नोकरी जाईल."

"जाईल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लई सरळ बोलता, बाई."

"खोटं सांगून जबाब घेतला तर उद्या तुम्ही फिराल. सलीमचं विमान सोमवारी आहे."

मोरीशी पाठ करून बसलेली खाला वळली. "खजूर भरताना घाबरला नाहीस? आता कशाला घाबरतोस?"

त्यानं कागद मागितला.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते; रविवारी सकाळी कार्यालयं उघडताच मी आणि फोरमन कामगार खात्यात होतो. अर्ज दाखल झाला, जबाब नोंदला गेला, दवाखान्याला कळवलं गेलं. सोमवारचं विमान सलीमशिवाय गेलं. त्या रिकाम्या सहीच्या जागेवर त्यानं सही केली नाही. ऑपरेशन इथेच झालं. तो आता कुबड्या घेऊन चार पावलं टाकतो आणि फोनवर खालाला कोलंबीची आठवण करून देतो.

इथे संपलं असतं तर मी हा लेख 'आठवणी' म्हणून दिला असता. संपलेलं नाही. फोरमनला कंपनीनं त्याच आठवड्यात काढलं. आता कंपनीचं म्हणणं, काढून टाकलेला माणूस सूड म्हणून खोटं बोलतोय. चौकशी अधिकारी भला माणूस आहे. त्यानं स्पष्ट सांगितलं, "एकाच माणसाचा जबाब, तोही नोकरीवरून काढलेल्याचा. स्वतंत्र साक्षीदार आणा." सलीम धाकट्या भावापायी अजून जबाब द्यायला तयार नाही. साइटवरची मुलं तोंड उघडणार नाहीत, का ते तुम्हाला सांगायला नको. खालाचं नाव मी घेणार नाही.

मग राहिलं कोण?

जाळीच्या बाजूला एक राहती इमारत आहे. तिच्या मागच्या बाल्कन्या थेट त्या जाळीत उघडतात, आणि वरून बघितलं तर जाळी काहीच झाकत नाही. तिथे आपली किती घरं आहेत हे हा अंक वाटणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. मी लंगडत दारोदार गेले. एका दारात ऐकलं, "आम्ही एसी लावून पडदे बंद ठेवतो हो." दुसऱ्या दारात, "आपण पाहुणे इथे, कशाला नसती भानगड?" तिसऱ्या दारात एक ताई फार गोड बोलल्या, सरबत दिलं. "बिचारे हो! एवढ्या उन्हात! मी रोज दुपारी ह्यांना म्हणायचे, बघा, ते बघा कसे काम करतायत."

"रोज दुपारी?"

"रोज!"

"मग एवढंच लिहून द्या."

"अय्या, मी कशाला?"

वर्दीत असताना मी समजत होते की गुन्हा भीतीमुळे उघडा पडतो. घाम, थरथर, अडखळणं. ही केस वेगळं शिकवून गेली. त्या फोरमनला कंपनीनं काय बोलायचं ते पढवलं, कुठे सही करायची ते दाखवलं. सलीमला 'एवढी फळी लाव' म्हणणाराही तोच होता, ते मी पुसून टाकत नाही. पण शेजाऱ्याचं भांडं कसं परत करायचं, हे त्याच्या आईनं त्याआधीच त्याच्या हातात घालून ठेवलं होतं. तेवढ्यावर तो उभा राहिला आणि नोकरी गमावून बसला. सरबत देणाऱ्या ताईंची नोकरी जाणार नव्हती. त्यांनी मला पाणी विचारलं, बसायला दिलं, दारापर्यंत सोडायला आल्या. आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

टॉवर चढतोच आहे. परवा पडद्यावर नवा आकडा आला, खाली फटाक्यांचं चित्र होतं. पुढच्या वर्षी आपल्यातलेच काहीजण तिथे भाड्यानं जातील, समुद्राकडे तोंड करून चहा पितील. जरूर जा. पण त्या मजल्याची एक फळी कोणी आणि केव्हा लावली, हे तुम्ही पाहिलेलं आहे.

सुनावणी दिवाळीनंतर आहे. तुम्ही त्या इमारतीत राहत असाल आणि त्या जुलैच्या दुपारी जाळीमागे माणसं काम करताना तुम्हाला दिसली असतील, तर एका कागदावर तेवढंच लिहा: काय पाहिलं, कुठून पाहिलं. दया नको, मत नको. खाली स्वतःचं नाव लिहा आणि सही करा. फराळाच्या दिवसांत मी पुन्हा बेल वाजवणार आहे. दार उघडा, आणि या वेळी मला रिकाम्या हातानं परत पाठवू नका.